पटावर रंगलेला खेळ कागदावर का विझतो?

कोराकागद

नमस्कार. गेली दोन वर्षे आम्ही पाच मित्रमैत्रिणी दर शनिवारी रात्री पुण्यात एकाच्या घरी जमून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: एक जण खेळ चालवतो, म्हणजे त्यातले जग, माणसे आणि संकटे उभी करतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात वावरतात, आणि जिथे कृतीचा निकाल अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकून तो ठरवला जातो. आमच्याकडे खेळ चालवण्याचे काम माझ्याकडे आहे. नियमपुस्तकांतली युरोपीय धाटणीची गावे आणि सराया परक्या वाटू लागल्यावर मी सगळा खेळ उचलून अठराव्या शतकातल्या सह्याद्रीसारख्या एका काल्पनिक मुलखात आणून ठेवला. त्यात घाट आहेत, जकातीचे नाके आहेत, मिठाच्या गोण्या वाहणारे बैलांचे तांडे आहेत आणि एका पडक्या गडाखाली झोपलेले काहीतरी आहे, ज्याचे नाव अजून कोणालाही कळलेले नाही.

प्रत्येक बैठकीनंतर मी टिपणे काढत गेलो आणि त्यांच्या तीन वह्या भरल्या. त्यांवरून कादंबरी लिहायला घेतली, चौदा प्रकरणे झाली, आणि ती मी न खेळणाऱ्या माझ्या बहिणीला वाचायला दिली. चाळिसाव्या पानावर तिने बाड परत केले आणि म्हणाली, “यात सगळे सतत काहीतरी करत असतात, पण मला त्यांच्यातल्या कोणाचीच काळजी वाटत नाही.” मला हे समजेनासे झाले आहे, कारण हेच प्रसंग खेळताना आमचा जीव टांगणीला लागला होता. दरीवरचा दोर तुटतो तेव्हा आमच्या गड्याच्या अंगात जेमतेम तीन गुणांचे प्राण उरले होते. त्याने फासा टाकला, वीस पडले, आम्ही सगळे ओरडत उभे राहिलो आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी येऊन बेल वाजवली. कागदावर मात्र एवढेच उरले आहे: ‘त्याने उडी मारली आणि तो पलीकडच्या कड्यावर पोहोचला.’

खेळाडूंनी मुख्य वाट सोडून केलेला फापटपसारा मी आधीच काढून टाकला आहे. उदाहरणार्थ, जकातनाक्यावरच्या एका कारकुनाला मी ऐनवेळी, दोन मिनिटांत उभे केले होते, आणि काहीही कारण नसताना मंडळी चार वेळा त्याच्याशी बोलायला गेली. त्यात एक अख्खी बैठक वाया गेली.

लहानपणी ‘चांदोबा’ आणि इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेला मी माणूस आहे, त्यामुळे लिहिण्याची ओढ कथांतून, चित्रांतून आणि खेळांतून मिळते याविषयी मला शंका नाही. मिळालेले हे साहित्य कागदावर जिवंत कसे ठेवावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

जुनीसोंगटी

आपला अनुभव नवा नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. हा खेळ मुळातच वाचनाच्या पोटी जन्मला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकाच्या शेवटी गायगॅक्स यांनी आपल्याला प्रेरणा देणाऱ्या लेखकांची एक यादीच जोडली. खेळणारे लोक तिला अजूनही ‘परिशिष्ट एन’ म्हणूनच ओळखतात. जादूगाराने मंत्र पाठ करायचा, तो एकदा वापरला की त्याच्या डोक्यातून पुसला जायचा, हा या खेळात वर्षानुवर्षे चाललेला नियम त्या यादीतल्या जॅक व्हान्स यांच्या कथांमधून आलेला आहे. म्हणजे कथेतून नियम झाला, नियमातून तुमचा खेळ झाला आणि आता तुम्ही खेळातून पुन्हा कथेकडे निघाला आहात. वर्तुळ पुरे करताना वाटेत काय गळते, ते पाहायला हवे.

जपानमध्ये याची दोन निरनिराळी उत्तरे सापडली. तिथल्या एका संगणकविषयक मासिकात १९८६ पासून या खेळाच्या बैठकींचे लिखित वृत्तांत क्रमशः छापून येऊ लागले. कोण काय बोलले, फाशावर किती पडले, कोण हसले, हे सगळे नाटकाच्या संहितेसारखे त्यात असे, आणि ‘रिप्ले’ नावाचा लेखनप्रकार त्यातून तिथे रुजला. खेळ चालवणारे र्‍यो मिझुनो यांनी पुढे १९८८ मध्ये त्याच जगावर ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ ही कादंबरीमाला सुरू केली. वृत्तांत वाचताना मजा येते, कारण त्यात खेळाडू हजर असतात. फासा हातातून सुटण्याआधीची त्यांची चलबिचल वाचकाला दिसते. कादंबरीतून खेळाडू निघून जातात आणि त्यांच्याबरोबर ती चलबिचलही जाते. आपल्या दोराच्या प्रसंगात नेमके हेच झाले आहे. तुमचा थरार वीस या आकड्यात होता, आणि कागदावर तो आकडा नाही.

दुसरे उदाहरण स्टीव्हन एरिक्सन आणि इयन एस्लमाँट या कॅनेडियन जोडीचे आहे. दोघेही पुरातत्त्वाचे विद्यार्थी. ‘मलाझन’ या कादंबरीमालेचे जग त्यांनी १९८० च्या दशकात आपसात खेळण्यासाठी रचले, आणि त्यावरची पहिली कादंबरी आली १९९९ मध्ये. मधली वर्षे प्रकाशक मिळवण्यात आणि अन्य खटपटींतही गेली असतील, पण मला त्या अंतराचे मोल वाटते. खेळ ताजा असताना आपल्याला सगळेच महत्त्वाचे वाटते. दहा वर्षांनी जे आठवते ते बहुधा कथेचे असते.

आपल्याला दहा वर्षे थांबायची गरज नाही, कारण आपल्या खेळाडूंनी निवड आधीच करून दिली आहे. चार वेळा, कोणतेही बक्षीस नसताना, ते कोणाकडे गेले? ज्याला आपण फापटपसारा म्हणून कापले, तीच आपली कथा असावी असा माझा दाट संशय आहे. त्या कारकुनाविषयी जरा सविस्तर लिहा.

रेघोट्या

मी चित्रकार आहे, त्यामुळे कॉमिक्सच्या बाजूने सांगते. ‘त्याने उडी मारली आणि तो पलीकडे पोहोचला’ या वाक्यात तुम्ही दोन चौकटी एकमेकींना चिकटवल्या आहेत. कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मधे एक पांढरी पट्टी असते आणि सगळी करामत तिथे घडते. पहिल्या चौकटीत कुऱ्हाड उगारलेली, दुसरीत रात्रीच्या गावावर उमटलेली किंकाळी. घाव मात्र वाचकाने घातलेला असतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये कॉमिक्स या माध्यमावर कॉमिक्सच्याच रूपात एक पुस्तक काढले, त्यात हा मुद्दा याच उदाहरणाने समजावलेला आहे.

तुम्ही इंद्रजालचे नाव काढलेत म्हणून एक गंमत सांगते. त्यातला वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा फँटम, मुळात १९३६ पासून वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींची एक पट्टी या हिशेबाने येत असे, आणि आपल्याकडे १९६४ पासून जे अंक निघाले त्यांत अशा पट्ट्या सलग जोडून छापल्या जात. जुना अंक हातात असेल तर नीट पाहा. दर तीन-चार चौकटींनी गोष्ट किंचित अडते: कोणी दचकून मागे वळून पाहतो, दार वाजते, एखादा माणूस अर्धे वाक्य बोलून थांबतो. तो त्या दिवसाच्या पट्टीचा शेवट असतो. उद्या वाचकाने पुन्हा यावे म्हणून लेखकाने ठेवलेला सांधा वीस-तीस वर्षांनी दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेतही बोटाला लागतो. मी विद्यार्थ्यांना असे अंक देऊन फक्त सांधे मोजायला सांगते. लिहिणाऱ्यालाही तो अभ्यास उपयोगी पडेल.

आणखी एक करून बघा. एखाद्या कॉमिकच्या पानावरचे सगळे संवाद कागदाच्या चिठ्ठ्यांनी झाका आणि नुसत्या चित्रांवरून गोष्ट लिहा. मग चिठ्ठ्या काढा. चित्रात जे दिसत होते तेच तुमच्या संवादात पुन्हा आलेले सापडेल, आणि आपण किती जास्त बोलतो हे पाहून जरा ओशाळायला होईल. मला तर झाले होते.

काटकोन

एक व्यवहाराची सूचना, कारण पुढे छापायची वेळ येईल. या खेळातले काही प्राणी सार्वजनिक लोककथांतले आहेत, तर काही खेळ काढणाऱ्या कंपनीचे खास आहेत. अनेक डोळ्यांचा तरंगणारा ‘बिहोल्डर’ किंवा मेंदू खाणारा ‘माइंड फ्लेअर’ आपल्या कादंबरीत जसाच्या तसा आणता येणार नाही. खुद्द या खेळालाही असा धडा मिळालेला आहे: ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांच्या हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर सुरुवातीचे ‘हॉबिट’ बदलून त्यांना ‘हाफलिंग’ करावे लागले. आपल्या गडाखाली जे झोपले आहे, त्याचे नाव कोणाला कळलेले नाही हे त्या दृष्टीने उत्तमच झाले.

कोराकागद

सर्वांचे मनापासून आभार. गडाखाली झोपलेले, कबूल करतो, बिहोल्डरच होते. आता नाही.

जुनीसोंगटी, कारकुनाविषयी विचारलेत म्हणून सांगतो. घाट उतरायचा तर नाक्यावर नाव लिहून राहदारीचे दस्तक घ्यावे लागते, एवढेच मी ठरवले होते. त्या माणसाला काहीतरी लकब हवी म्हणून, नाव लिहिण्याआधी तो प्रत्येकाला शुद्धलेखन विचारतो असे मी करून टाकले. आमच्यातली एक जण चोरट्या बाईचे पात्र खेळते. पुरुषवेषात असलेल्या तिने तिथे आपल्या हरवलेल्या भावाचे नाव सांगितले: विठू सुतार. कारकुनाने विचारले, “ठू ह्रस्व की दीर्घ?” हसून आमची पुरेवाट झाली. मग ‘तो आज कोणाला छळतोय’ हे पाहायलाच मंडळी जाऊ लागली. पण हा विनोदी माणूस आहे. त्याच्या खांद्यावर कादंबरी कशी पेलेल?

वेताळपंचविशी

लकबीच्या जोरावर पेलणार नाही. जुनीसोंगटी यांच्याशी मी इथवर असहमत आहे की खेळाडूंना आवडलेला माणूस म्हणजे आपोआप कथा, असे होत नाही. खेळातून फाशाचा निकाल उचलला की हाती घटना येते, लकब उचलली की अर्कचित्र येते. उचलण्याजोगी तिसरी गोष्ट म्हणजे नियम, आणि नियम मोडल्यास द्यावी लागणारी किंमत.

आपण ‘चांदोबा’ वाचलेला आहे. मराठी आवृत्ती १९५२ पासूनची, त्यामुळे आपल्या घरातल्या दोन पिढ्यांनी तरी तो वाचला असेल. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन स्मशानातून निघालेला विक्रम त्यात दर महिन्याला भेटत असे. ही मूळ कथामाला अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गुंफली. एखाद्या खेळाचे नियमपुस्तक वाचावे तशी ती एकदा वाचून पाहा. राजाने प्रेत झाडावरून काढून मौन पाळत योग्याकडे न्यायचे आहे. वाटेत वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील. बोलला तर मौन मोडेल आणि प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकेल. दोन्हीकडून हार बांधलेली आहे, आणि तरीही राजा दर वेळी न्यायाचे उत्तर देतो. त्याला जिवाची भीती आहे म्हणून देतो की खरे ठाऊक असताना गप्प बसणे त्याच्या स्वभावातच नाही म्हणून देतो, यावर माझे आणि माझ्या वडिलांचे कधी एकमत झाले नाही. शेवटच्या कोड्यात बाप आणि मुलगा अनुक्रमे मुलीशी आणि तिच्या आईशी लग्न करतात, त्यांच्या संततीचे आपसात नाते काय लागेल, असा प्रश्न आहे. राजाला खरोखरच उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि त्या अज्ञानामुळे सुटतो. नियम पहिल्या कोड्यापासून तोच होता, त्यातून एवढी अनपेक्षित सुटका निघू शकते हे सोमदेवाने शेवटपर्यंत राखून ठेवले.

आपल्याकडच्या बैठ्या खेळांतही असे नियम पडून आहेत, ज्यांच्याकडे लिहिणारे फारसे वळलेले नाहीत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकूण १२० पाने. त्यात दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करतो, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती तो. पाने तीच, माणसे तीच. खिडकीबाहेर दिवस मावळला एवढ्यानेच मान एकाकडून दुसऱ्याकडे गेला. शिवाय अंकांच्या पानांपैकी अर्ध्या रंगांत दहा हे पान वरचढ असते आणि अर्ध्या रंगांत एक्का. कोणत्या दरबारात मोठा मोठा आणि कोणत्या दरबारात लहान मोठा, हे लक्षात ठेवूनच खेळावे लागते. एखाद्या राजकीय कादंबरीला याहून अधिक सामग्री काय लागते?

आता आपल्या कारकुनाकडे. त्याचा नियम काय? जे नाव सांगितले जाईल ते लिहायचे. किंमत केव्हा पडेल? त्याला ते नाव आधीच ठाऊक असेल तेव्हा. समजा, विठू सुतार गेल्या वर्षी याच नाक्यावरून घाट उतरला, त्याचे नाव याच हाताने वहीत लिहिले गेले, आणि तो परत आलेला नाही. आज कोणीतरी दुसरेच समोर उभे राहून तेच नाव सांगत आहे. लिहिले तर वही खोटी होते. न लिहिले तर समोरच्याला शिपाई धरतील. शुद्धलेखनाचा प्रश्न मग विनोद राहत नाही, तो वेळ काढू लागतो. फासा इथे टाकूच नये. फासा निर्णयाचा भार उचलतो, आणि हा भार कारकुनावरच राहायला हवा.

कोराकागद

हे वाचून काल रात्री कादंबरीची चौदाही प्रकरणे बाजूला ठेवली आणि खालचा परिच्छेद लिहिला. रेघोट्या यांचे ऐकून दोन ठिकाणी चौकटींमधली पट्टी कोरी ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.

‘“विठू सुतार,” समोरचा पोरगेला माणूस म्हणाला. कारकुनाने दौतीचे झाकण उघडले. बोरूचे टोक दिव्याजवळ धरून पाहिले, चाकूने किंचित तासले, पुन्हा पाहिले. मागे तांड्यातला एक बैल फुरफुरला. “ठू,” तो वर न बघता म्हणाला, “ह्रस्व की दीर्घ?” “तुम्हीच लिहिलेत की मागच्या वेळी,” तो पोरगा म्हणाला. कारकुनाने वाळूदाणी जवळ ओढली. अजून एक अक्षरही लिहून झाले नव्हते.’

बहिणीला पाठवला. तिचा उलट प्रश्न आला: “मग लिहितो का तो?” चौदा प्रकरणांत तिने मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

दप्तरदार

परिच्छेद आवडला. बोरू तासणे आणि अक्षर उमटण्याआधीच, ओली शाई टिपायची वाळूदाणी ओढणे हे विशेष. पण मी मोडी कागदपत्रे वाचण्याचे काम करतो, म्हणून एका गोष्टीपाशी अडखळलो. अठराव्या शतकातला हा कारकून मोडीतच लिहीत असणार, आणि मोडी लिखाणात इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घ भेद सहसा पाळला जात नाही. त्यामुळे त्याच्या तोंडी हा प्रश्न येणारच नाही. तो आपल्या शाळेतल्या मराठीच्या तासाचा आहे. मुलूख काल्पनिक आहे असे म्हणून आपण तो ठेवू शकाल, परंतु बोरू, दौत आणि दस्तक इतके खरे आणल्यावर हा एकच दागिना उसना दिसतो.

त्याऐवजी दोन गोष्टी सुचवतो. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ आखून घेतो आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. म्हणजे रेघ आधीपासून आखून तयार आहे आणि तिच्याखाली नाव यायचे आहे, असे चित्र आपल्याला आयतेच मिळते. एकदा बोरू टेकला की थांबायची सोयही फारशी नाही. जो काही विचार करायचा तो टेकवण्याआधी. दुसरे, नुसत्या नावावर कोणाची ओळख पटत नसे. नावाबरोबर बापाचे नाव आणि गाव विचारणे त्या काळात स्वाभाविक आहे.

कोराकागद

दप्तरदार, मान्य. ज्या विनोदासाठी आम्ही चार वेळा त्या नाक्यावर गेलो तो काढताना जिवावर आले, आणि शनिवारी मंडळींना सांगायचे कसे हा वेगळाच प्रश्न आहे. पण काढला. आता तो असा झाला आहे:

‘आखलेल्या रेघेवर कारकुनाने बोरू धरला, टेकवला नाही. “बापाचे नाव?” तो म्हणाला. आल्यापासून तिने नाव खोटे सांगितले होते, गाव खोटे सांगितले होते, घाट उतरण्याचे कारण खोटे सांगितले होते. “महादू,” ती म्हणाली. भावाचा बाप तोच तिचाही बाप होता.’